दुतोंड्या मारुती आणि चेतापेशीतलं कॅल्शियम: आठवण पक्की कधी होते, पुसट कधी होते

गोदाकाठी (धागाकर्ता)

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण नाशिकच्या रामकुंडावरचा दुकानदार ते वाचत बसत नाही. तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला असेल तर थांबायचं, कमरेला आलं की माल आवरायला घ्यायचा, छातीला लागलं की निघायचं. पाणी तेच, पण पातळी बदलली की निर्णय बदलतो.

मेंदूत नवी आठवण बसते तेव्हा चेतापेशीत कॅल्शियम हेच करतं. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असल्यामुळे इथे वैद्यकीयची मुलं बरीच असतील. एलटीपी (दोन चेतापेशींमधली जोड, म्हणजे चेतासंधी, दीर्घकाळ बळकट होणं) त्यांना अभ्यासाला असतं, पण पुस्तकात 'कॅल्शियम आत येतं आणि चेतासंधी बळकट होते' एवढ्यावर विषय मिटतो. ते अर्धंच आहे. कॅल्शियम आत येऊन चेतासंधी कमकुवतही होते, आणि मजा तिथेच आहे.

आधी धरणाची भिंत बघू. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर, आत मोकळं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या खाली-वर. फरक दहा हजार पटीहून जास्त. सोडियम-पोटॅशियमचा फरक दहा ते तीस पटीतच खेळतो. म्हणून कॅल्शियमचं दार किलकिलं झालं तरी आत मोठा फरक पडतो.

आता काटा केवढा ते पाहा. डेंड्राइटवर, म्हणजे चेतापेशीच्या निरोप झेलणाऱ्या फांद्यांवर, जे काटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात, त्यातल्या मध्यम काट्याचं आकारमान सुमारे ०.१ घनमायक्रॉन. १०० नॅनोमोलरने गणित केलं तर पेशी शांत असताना त्या काट्यात मोकळे कॅल्शियम आयन किती? सहा. हजार नाही, शंभर नाही, सहा. पातळी दहापट होऊन १ मायक्रोमोलरला गेली तरी साठ. प्रत्यक्षात आत शिरतात ते याच्या वीसेक पट, कारण वीसपैकी एकोणीस आयन प्रथिनं लगेच पकडून ठेवतात.

दार कोणतं? मुख्य दार एनएमडीए रिसेप्टर. त्याला दोन कुलपं. एक ग्लुटामेट या रासायनिक निरोपाचं, म्हणजे आधीची पेशी बोलली पाहिजे (सोबत ग्लायसीन किंवा डी-सेरीनही लागतं). दुसरं मॅग्नेशियमचं. उणे ७० मिलिव्होल्टला मॅग्नेशियमचा आयन छिद्रात बुचासारखा बसलेला असतो. नंतरची पेशी स्वतः पुरेशी उत्तेजित झाली तरच तो बाहेर ढकलला जातो. दोघी एकाच वेळी जाग्या असतील तरच दार उघडतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये कागदावर मांडलेली कल्पना १९८४ मध्ये या बुचाच्या रूपात हाती लागली.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनावर बसतं. एका रेणूवर चार जागा. आणि इथून रस्ता फुटतो:

मध्यम पण रेंगाळणारं कॅल्शियम असेल तर कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम आधी जागं होतं, कारण थोड्या कॅल्शियमवरही त्याचं भागतं. एएमपीए रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेटचा निरोप झेलणारे दुसरे रिसेप्टर, पटलावरून आत ओढले जातात. संधी कमकुवत. हे एलटीडी.

उंच आणि झटकन आलेलं असेल तर कॅमके-२ हे फॉस्फेट लावणारं एन्झाइम पेटतं, एएमपीए रिसेप्टर वाढतात, काटा फुगतो. हे एलटीपी.

१९९९ मध्ये हे थेट तपासलं गेलं: पेशीत पिंजऱ्यात कोंडलेलं कॅल्शियम प्रकाशाने मोकळं केलं. थोडा वेळ पण उंच दिलं तर बळकटी, कमी पण लांबवर दिलं तर दुर्बळता. उत्तेजना कुठून आली याला महत्त्व उरलं नाही. मारुतीला दोन तोंडं आहेत ती उगाच नाहीत.

ज्यांना या विषयातलं प्रत्यक्ष काम माहीत आहे त्यांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

---

कॉलेजरोडकर

लेख आवडला. थेट प्रश्न: दहावीच्या मुलांना 'मेमरीसाठी' म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्याचा या सगळ्याशी काही संबंध?

---

औषधवेळ

@कॉलेजरोडकर, नाही.

रक्तातलं एकूण कॅल्शियम ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात शरीर हट्टाने धरून ठेवतं. थोडं घसरलं की पॅराथायरॉइड संप्रेरक हाडांतून काढतं, मूत्रपिंडाला वाचवायला लावतं, ड जीवनसत्त्वाकरवी आतड्यातून जास्त ओढतं. मेंदूभोवतीचा द्रव तर त्याहून काटेकोर. गोदाकाठींच्या उपमेत सांगायचं तर धरण आधीच काठोकाठ भरलेलं आहे. वरून चार बादल्या ओतल्याने दरवाजा उघडत नाही. आठवणीचा प्रश्न दरवाजाचा आहे, साठ्याचा नाही.

साठा खरोखर बिघडतो तेव्हाची लक्षणं वेगळी. कॅल्शियम फार खाली गेलं तर बोटं वळतात, तोंडाभोवती मुंग्या येतात, झटके येतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर यावर लक्ष ठेवतात ते म्हणूनच. फार वर गेलं तर माणूस सुस्त होतो, गोंधळतो, बद्धकोष्ठ होतो. म्हणजे जास्त कॅल्शियमने डोकं चालण्याऐवजी मंदावतं.

हाडांसाठी म्हणाल तर गरज आहेच. प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम ही आयसीएमआरची २०२० ची शिफारस. पेठ-सुरगाण्याकडची नाचणी १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम देते. भाकरी खा, दूध घ्या, उन्हात खेळा. पाठांतर त्याने होणार नाही.

---

टिपकागद

गोदाकाठी, मारुतीची उपमा झकास, पण तिला एक टेकू लावतो, नाहीतर वाचणारे फसतील.

पुराच्या बातमीत दोन आकडे असतात: गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग वेगळा, होळकर पुलाखाली मोजलेला वेगळा. मधे ओढे-नाले मिळतात. तसं 'पेशीतलं कॅल्शियम' असा एकच आकडा नसतो. उघड्या वाहिनीच्या, म्हणजे कॅल्शियमच्या दाराच्या, तोंडापासून काही दहा नॅनोमीटरवर ते दहा-वीस मायक्रोमोलरपर्यंत जातं आणि वाहिनी बंद होताच मिलिसेकंदाच्या आत विरतं. काट्याच्या पोटात त्याच वेळी जेमतेम एक मायक्रोमोलर. म्हणून वाहिनीला चिकटून बसलेलं कॅल्मोड्युलिन जे 'पाहतं' ते लांबच्या रेणूला दिसतच नाही.

याचं ठळक उदाहरण एल-प्रकारच्या, म्हणजे व्होल्टेजने उघडणाऱ्या, कॅल्शियम वाहिन्या. पेशीकेंद्रकातल्या क्रेब या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनापर्यंत निरोप पोचवण्यात त्यांचा वाटा त्यांच्यातून येणाऱ्या कॅल्शियमच्या मानाने फार मोठा आहे, कारण निरोप्या त्यांच्या दारातच उभा असतो. केंद्रकात कॅमके-४ क्रेबच्या सेरीन १३३ ला फॉस्फेट लावतं, मग जनुकं वाचली जातात, नवी प्रथिनं बनतात. काही तासांपुढे टिकणाऱ्या एलटीपीला ही प्रथिनं लागतात. प्रथिननिर्मिती अडवली तर सुरुवातीची बळकटी येते पण टिकत नाही.

शिवाय पाणी फक्त धरणातून येत नाही. पेशीच्या आत जाळीच्या कोठारात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, साठा असतोच. आयपी-३ आणि रायानोडीन रिसेप्टर ती दारं. सर्का पंप ते पुन्हा भरतो. उरलेलं पटलावरचा पंप आणि सोडियम-कॅल्शियम अदलाबदली बाहेर फेकते.

आणि एक गंमत. हे 'उंच म्हणजे बळकटी' हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या बाह्यकापुरतं. अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) पुर्किंजे पेशींवर नियम उलटा: जास्त कॅल्शियमने दुर्बळता, कमीने बळकटी. तिथे मारुती तोंड फिरवून उभा आहे.

---

गोदाकाठी

@टिपकागद, टेकू मान्य. पुर्किंजेचं मूळ लेखात यायलाच हवं होतं.

पण एकच सरासरी आकडा धरूनही किती लांब जाता येतं ते दाखवतो. ग्राउपनर आणि ब्रुनेल यांचं चेतासंधीचं २०१२ चं गणिती प्रारूप. कॅल्क्युलेटर घ्या, प्रयोगशाळा लागत नाही.

नियम असे. आधीची पेशी उडाली (तिने विजेचा ठोका दिला) की १३.७ मिलिसेकंदांनी कॅल्शियम १ एककाने वाढतं. नंतरची पेशी उडाली की लगेच २ एककांनी. वाढ घातांकी वेगाने ओसरते, कालस्थिरांक २० मिलिसेकंद. १ च्या वर जितका वेळ, तितका दुर्बळतेचा जोर, भार २००. १.३ च्या वर जितका वेळ, तितका बळकटीचा जोर, भार ३२२.

आधीची पेशी शून्यावर, नंतरची १० वर. दहाव्या मिलिसेकंदाला कॅल्शियम २. ओसरत ओसरत १३.७ ला १.६६, तिथे १ मिळून २.६६. त्यापुढे १.३ पर्यंत यायला २० गुणिले लॉग(२.६६/१.३), म्हणजे १४.३ मिलिसेकंद. आधीचे ३.७ धरून १८. तसंच १ च्या वर २३.३. बळकटी १८ × ३२२ = ५७९६. दुर्बळता २३.३ × २०० = ४६६०. बळकटी जिंकली.

आता क्रम उलटा, नंतरची पेशी २० मिलिसेकंद आधीच उडाली. पहिली लाट २ ची: १.३ वर ८.६, १ वर १३.९ मिलिसेकंद. दुसरी लाट येईपर्यंत ३३.७ मिलिसेकंद गेले, उरलं ०.३७. त्यात १ मिळून १.३७: १.३ वर जेमतेम १.१, १ वर ६.३. बेरीज ९.७ आणि २०.२. गुणाकार ३१२३ विरुद्ध ४०४०. दुर्बळता.

तेच दोन ठोके, तेवढंच कॅल्शियम, फक्त लाटा एकमेकींवर चढल्या की नाही एवढा फरक.

पायथॉनमध्ये करताना दोन ठिकाणी हमखास घसरतं. कालपायरी १ मिलिसेकंद ठेवली तर वरचा १.१ चा तुकडा नीट पकडला जात नाही, ०.१ ठेवा. आणि १३.७ चा विलंब विसरलात तर 'नंतरची १० मिलिसेकंद आधी' या क्रमालाही बळकटी येते, जिथे दुर्बळता यायला हवी. आलेख उजव्या-डाव्या बाजूला सारखा दिसायला लागला की आधी विलंबाची ओळ तपासा. लॉग नैसर्गिक घ्यायचा, दहाच्या पायाचा नाही, हेही सांगून ठेवतो.

---

अर्धवर्तुळ

मूळ लेखात 'कॅमके-२ पेटतं' म्हटलंय, ते कधी विझतं हे नाही.

पाठ्यपुस्तकी गोष्ट अशी: बारा घटकांचं चक्र, सहा-सहाच्या दोन कड्या. शेजारचे दोन घटक कॅल्मोड्युलिनने जागे असले की एक दुसऱ्याच्या थ्रिओनिन २८६ ला फॉस्फेट लावतो. मग कॅल्शियम गेलं तरी एन्झाइम चालूच. म्हणून त्याला आठवणीचं बटण म्हणत. १९९८ मध्ये हा एकच अमिनो आम्लाचा ठिपका बदललेले उंदीर केले, त्यांचं एलटीपी गेलं आणि स्मृतीच्या चाचणीत पाण्यात दडवलेला चबुतरा आठवून शोधणंही.

पण २००९ मध्ये एकेका काट्यात कॅमके-२ ची सक्रियता प्रत्यक्ष पाहिली तेव्हा ती एक-दोन मिनिटांतच उतरली. ठिणगी आवश्यक आहे, पण ती आयुष्यभर जळत राहत नाही. पुढचं काम अॅक्टिनचा सांगाडा, रो घराण्याची प्रथिनं आणि नंतर नवी प्रथिनं करतात. 'कॅमके-२ वर्षानुवर्षं चालू राहतं म्हणून आठवण राहते' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका.

---

काचपट्टी

प्रत्यक्ष कामाचं मी लिहिते. प्राणी वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर.

हिप्पोकॅम्पसच्या कापांसाठी कृत्रिम मेंदूद्रव, १ लिटरचा हिशेब: सोडियम क्लोराइड ७.२५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१८६, निर्जल मोनोसोडियम फॉस्फेट ०.१५, सोडियम बायकार्बोनेट २.१८, ग्लुकोज १.८०, सात पाण्याचं मॅग्नेशियम सल्फेट ०.३२ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइड मात्र तोलून टाकू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तर बाटली उघडताच चिकट होतं, आणि तोललेल्या वजनात पाणी किती कोण सांगणार. शिवाय निर्जल आणि दोन पाण्याचं यांच्या रेणुभारात १११ आणि १४७ इतका फरक. १ मोलरचं तयार द्रावण घ्या, लिटरला २ मिलिलिटर.

क्रम चुकला की सगळं वाया. आधी ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे दहा-पंधरा मिनिटं सोडायचे, सामू ७.४ च्या आसपास बसू द्यायचा, मग मॅग्नेशियम, सर्वांत शेवटी ढवळत ढवळत कॅल्शियम. बुडबुड्यांआधी कॅल्शियम टाकलं तर सामू चढा असतो, कार्बोनेट आणि फॉस्फेट कॅल्शियमला धरून खाली बसतात, द्रावण ताकासारखं ढगाळ होतं. ऑस्मोलॅरिटी ३०० च्या जवळपास हवी.

सिलिंडर मागवताना मिश्रण लिहून द्या. अंबड-सातपूरला वेल्डिंगसाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सर्रास फिरतं. त्यावर पेशी जगत नाहीत.

नोंद घेताना: सर्वांत मोठ्या प्रतिसादाच्या ४०-५० टक्के येईल एवढीच तीव्रता ठेवा. दर ३० सेकंदांना एक ठोका, २० मिनिटं प्रतिसादाचा उतार स्थिर राहिला तरच पुढे. बळकटीसाठी १०० हर्ट्झ १ सेकंद, किंवा थीटा पद्धत: १०० हर्ट्झचे ४ ठोके, दर २०० मिलिसेकंदांनी, असे १० वेळा. दुर्बळतेसाठी १ हर्ट्झने ९०० ठोके, म्हणजे पंधरा मिनिटं. शेवटी एनएमडीए रिसेप्टर अडवणारं डी-एपी-५ ५० मायक्रोमोलर घालून दुसऱ्या कापावर तोच प्रयोग. तिथेही बळकटी आली तर ती एनएमडीएची नव्हे. बहुधा तीव्रता जास्त होती किंवा नोंदच सरकत होती.

आणि वरच्या गणिताबद्दल: हे सगळं २ मिलिमोलर कॅल्शियमवर. जिवंत मेंदूत ते १.२-१.३ असतं. २०२० मध्ये तपासलं गेलं तेव्हा इतक्या कमी कॅल्शियमवर एकेका ठोक्याच्या जोड्या बळकटी द्यायला पुरल्या नाहीत, ठोक्यांचे झुबके लागले. गोदाकाठींचा पहिला निकाल वाचताना हे डोक्यात असू द्या.

---

नवखा_निरीक्षक

काचपट्टीताई, कॅल्शियम डोळ्यांनी बघायचं असेल तर फ्युरा-२ (पेशीत भरायचा चमकणारा रंग) घेऊ की जीकॅम्प (पेशीकडूनच बनवून घ्यायचं चमकणारं प्रथिन)?

---

काचपट्टी

काय विचारायचंय त्यावर.

फ्युरा-२ ला ३४० आणि ३८० नॅनोमीटरवर आलटून पालटून उजेड द्यायचा, ५१० ला वाचायचं आणि गुणोत्तर काढायचं. रंग कमी-जास्त भरला, पेशी जाड-पातळ असली तरी गुणोत्तराला फार फरक पडत नाही. खरा आकडा हवा असेल तर हाच. मात्र तळ आणि माथा, म्हणजे कॅल्शियमविरहित आणि कॅल्शियमने भरलेली अवस्था, आपल्याच सूक्ष्मदर्शकावर मोजायची. कुणाच्या लेखातली उचलायची नाही. कॅल्शियमविरहित द्रावणात कॅल्शियम पकडणारं ईजीटीए घालाच. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यातही काही मायक्रोमोलर कॅल्शियम राहतं, आपल्याला तर नॅनोमोलर मोजायचंय.

सगळ्यात मोठी चूक रंग जास्त भरण्याची. रंग म्हणजे कॅल्शियम पकडणारा आणखी एक रेणू. पेशीची स्वतःची पकडक्षमता वीसच्या आसपास धरली आणि १०० मायक्रोमोलर फ्युरा-२ भरला, तर रंगाची क्षमता दोनशेच्या वर जाते. लाट दहापट बुटकी होते आणि दहापट हळू ओसरते. पडद्यावर छान गुळगुळीत वक्र दिसतो, तो पेशीचा नसून रंगाचा असतो.

जीकॅम्प जागत्या उंदरात आठवडेच्या आठवडे पाहायला उत्तम. पण सहाव्या पिढीच्या वेगवान प्रकारालाही अर्ध्यावर उतरायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, संथ प्रकाराला अर्धा सेकंद. काट्यातली खरी लाट १५-२० मिलिसेकंदांची. त्यामुळे कोणत्या पेशी बोलल्या ते जीकॅम्प सांगेल, कोण दहा मिलिसेकंद आधी बोललं ते नाही.

---

टिपकागद

अवांतर: ताईंनी पाण्याचा विषय काढलाच आहे म्हणून. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांच्याकडे बेडकाचं हृदय नुसत्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहिलं होतं. मग कळलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाणी घेतल्यावर हृदय थांबलं, कॅल्शियम घातल्यावर पुन्हा चाललं. हे १८८३ मध्ये छापून आलं. कॅल्शियमचा निरोप्या म्हणून शोध असा भेसळीतून लागला.

---

कॉलेजरोडकर

शेवटचा सामान्य माणसाचा प्रश्न. घरात रक्तदाबासाठी 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' चालू आहे. हा धागा वाचून घाबरायचं का?

---

औषधवेळ

नाही, आणि गोळी बंद तर मुळीच करू नका. अॅम्लोडिपिन एल-प्रकारच्या वाहिन्या अडवतं, पण मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत. मेंदूत ते फारसं शिरत नाही. दाब मोकाट सोडला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, स्मृतीला खरा धोका तो. मेंदूत चांगलं शिरणारं भावंड निमोडिपिन. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर ते दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस देतात.

याच वाटेवरची आणखी दोन औषधं. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस हे गोदाकाठींच्या कॅल्सिन्युरिनलाच अडवतं. काम प्रतिकारशक्ती दाबण्याचं, पण हात थरथरणं हा नेहमीचा दुष्परिणाम. आणि मेमँटिन, मध्यम ते तीव्र अल्झायमरमध्ये. ते एनएमडीएच्या छिद्रात मॅग्नेशियमसारखं बसतं, रेंगाळणारी गळती अडवतं आणि खरा जोराचा संदेश आला की पटकन बाजूला होतं. परीक्षेआधी कुणी 'मेमरीची गोळी' म्हणून हे सुचवलं तर सरळ नाही म्हणा. निरोगी मेंदूत अडवायला गळतीच नसते.

---

नवखा_निरीक्षक

काचपट्टीताई, ढगाळ झालेल्या द्रावणात बुडबुडे वाढवले तर थोडं निवळतं. चालेल का वापरून?

---

काचपट्टी

नाही. वरून निवळलं तरी तळाशी किती बसलंय हे कळत नाही, म्हणजे २ मिलिमोलर लिहिलेलं १.४ असू शकतं. ओता, बाटली विरळ आम्लाने आणि मग तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळा. भांड्याच्या कडेला पांढरा थर राहिला तर पुढच्या द्रावणातला साकाही त्याच थरावर लवकर बसतो.